बारावं नाव

नोटीस बोर्डाच्या काचेवर बोट टेकवून मी एकेक नाव मोठ्यानं वाचत होते, आणि माझ्या पाठीमागं खाणीवरच्या तीन बाया धुतलेली लुगडी नेसून उभ्या होत्या. मीच त्यांना आणलं होतं. दिवसाचा खाडा करून, शेलारपाड्याच्या त्या तीन मजली म्युनिसिपल हायस्कुलात, मधली सुट्टी व्हायच्या बेतात. माझी वैजंता खो-खोच्या राज्याच्या सामन्यांना सांगलीला जाणार होती आणि संघाची यादी शाळेनं बोर्डावर लावली होती. त्यातलं तिचं नाव त्यांना दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर मसाबाईला दाखवायचं होतं. बाकीच्या दोघी साक्षीला.

मसाबाई धोत्रे माझ्याच वयाची, माझ्याच टोळीत खडी फोडणारी. टोळीची मुकादमीण मी, पण जीभ तिची माझ्या तोडीची. मी वैजंताला पाचवीनंतर घरी बसवलं नाही तेव्हा हिनं पाणवठ्यावर चार बायांत म्हटलं होतं की नरसाबाईची पोर आता दगड फोडायच्या ऐवजी कागद फोडणार. स्वतःच्या दोन्ही पोरी तिनं चौदाव्या वर्षी उजवल्या होत्या. मला तिला फक्त एवढंच दाखवायचं होतं की माझ्या पोरीचं नाव काचेच्या आत लागतं.

आणि ते वाचून मीच दाखवणार होते. आमच्या वडारवस्तीत त्या काळी वाचता येणारी बाई मी एकटी. दुसरी पास. पुढं बापानं बिऱ्हाड हलवलं आणि शाळा सुटली, पण अक्षर सुटलं नाही. सावकाश वाचते, बोट लावून वाचते, पण वाचते. रेशनचं कार्ड असो, ठेकेदाराचं मस्टर असो, कोर्टाचा कागद असो, सगळी वस्ती माझ्याकडं यायची. मी हातातलं काम ठेवून, पदराला हात पुसून, कागद लांब धरून वाचायची. तेव्हा माझ्या नवऱ्यानंही मधे बोलायचं नाही असा माझा दरारा.

तर मी वाचत होते. एक अमकी, दोन तमकी. नऊ नावं झाली. वैजंताचं त्यात नव्हतं. मागं मसाबाई एकदा खाकरली. नऊच्या खाली लाल शाईनं रेघ मारलेली होती. रेघेखाली एक शब्द होता आणि मी तो वाचून बसले, मग मला कळलं की तो मोठ्यानं वाचायला नको होता. रा-खी-व. आणि त्याच्या खाली, दहा, वैजंता मारुती विटकर.

पुढं वाचायला माझं बोट हललंच नाही.

मसाबाई अगदी हळू म्हणाली, जणू खरंच विचारतेय, "राखीव म्हंजे काय गं नरसा? आपल्या लोकांचं सवलतीचं असतंय, त्येच ना?"

तो शब्द मला काय होता ते सांगायला हवं. आठवीत नाव घालायला गेले तेव्हा त्याच शाळेतला एक कारकून खिडकीतून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला होता, राखीवमधले का तुम्ही, मग त्या बाजूला उभे राहा. आम्ही त्या बाजूला उभे राहिलो. दुपारी दोनपर्यंत. पुढं जूनमध्ये वर्गातल्या मास्तरनं सवलतीवाली मुलं उभी करून मोजली आणि त्या दिवसापासून मागच्या बाकावरची पोरं वैजंताला बघून म्हणायला लागली, उभी राहा गं. पोर घरी येऊन बोलली नाही. मला शेजारच्या पोरानं सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि मास्तरला म्हटलं की हिची सगळी फी मी भरते, ही यापुढं मोजायला उभी राहणार नाही. सरकारनं दिलेली सवलत आमच्या हक्काची होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त पोरीची खाली घातलेली मान दिसत होती.

आणि आता त्याच शाळेनं नऊ जणींच्या खाली लाल रेघ ओढून, रेघेच्या त्या बाजूला माझी पोर उभी केली होती. तेही काचेत. तेही मसाबाईच्या समोर.

घंटा झाली. मधली सुट्टी. त्या शाळेत एका पाळीला दीड-दोन हजार पोरं. तीन जिन्यांवरून ती अशी उतरायची, जसा खाणीत सुरुंगानंतर दगड यावा. कुणी चिंचा विकणाऱ्या म्हातारीकडं, कुणी नळावर, कुणी नुसतीच पळत. त्या गर्दीतून मी हेडमास्तरांच्या खोलीकडं निघाले. वाटेत पोरं बाजूला होत गेली. माझ्या कपाळावरचं कुंकू मोठं, अंग दांडगं, आणि चालताना माझ्या हातातली कडी वाजायची. मागून बाया. त्यांच्या मागून पोरांचा घोळका, काहीतरी बघायला मिळणार म्हणून.

गवाणकर हेडमास्तर डबा खात होते. त्यांनी डबा झाकला आणि खुर्ची दाखवली. मी बसले नाही. मी म्हटलं, टिपणीस बाईंना बोलवा.

टिपणीस बाई म्हणजे खेळाच्या बाई. साडी आखूड नेसायच्या, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. उन्हानं रापून आमच्याइतक्याच काळ्या झालेल्या. वैजंता आठवीत असताना मी तिला खेळायला सोडत नव्हते, तर या बाई एका रविवारी चालत आमच्या खाणीवर आल्या होत्या. खडीच्या ढिगावर बसल्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीचे पाय मी बघितलेत, असे पाय शिकवून येत नाहीत. माझी मृणालही खेळते, दोघी बरोबर येतील, बरोबर जातील, मी स्वतः नाक्यापर्यंत आणून सोडीन. मग माठाकडं बघून पाणी मागितलं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. आमच्या हातचं पाणी मागणारी शाळेतली ती पहिलीच. एक पेला प्यायल्या आणि दुसरा मागितला. तेव्हा मी हो म्हटलं. वैजंता दोन वर्षं त्यांच्याकडं खेळली, आणि त्या दोन वर्षांत वर्गात तिला कुणी उभी राहा म्हटलं नाही.

हे सगळं मला त्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत आठवत होतं का? आठवत होतं. म्हणूनच राग जास्त होता. कारकुनाकडून मी दुसरं काही धरलंच नव्हतं.

बाई आल्या. त्यांच्या मागोमाग वैजंता आली, लंगडत. आठ दिवसांपूर्वी सरावात तिचा घोटा मुरगळला होता. रोज मीच हळद आणि तुरटीचा लेप लावत होते. ती दारातच थांबली, चौकटीला धरून. खिडक्यांना पोरं लटकली होती. दारात मसाबाई, हाताची घडी घालून.

मी सुरू केलं. मी बोलायला लागले की वस्तीत लोक भांडी खाली ठेवून ऐकतात, आणि मला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, "राखून ठेवायला माझी पोर काय सणासुदीचं तूप आहे, बाई?"

खिडकीतली पोरं हसली. मसाबाईच्याही ओठाला मुरड पडली. माझं बरं चाललं होतं.

बाई शांत राहिल्या. त्यांनी सांगितलं की हा शब्द खेळातला आहे. नऊ मुली मैदानात उतरतात, तीन बाहेर तयार बसतात. कुणाला लागलं, कुणी दमलं, की त्यातली आत जाते. वैजंताचा पाय सुजलेला आहे. डॉक्टर म्हणाले अजून आठवडा. सामने सुरू होतात तेव्हा तिला पळता येणार नाही, पण शेवटच्या दोन दिवसांत येईल. नाव आधी यादीत असेल तरच तिला उतरवता येतं. म्हणून नाव ठेवलंय. नाहीतर सरळ काढावं लागलं असतं. शेवटच्या सामन्याला पुण्याहून माणसं येणार आहेत, खेळाच्या वसतिगृहासाठी मुली निवडायला. त्यांनी तिला एक पाळी जरी पळताना बघितलं तरी पुरे.

कुणीही डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं ऐकलं असतं तर त्याला कळलं असतं. मी ऐकत नव्हते. मी पुढचं वाक्य जुळवत होते.

"आमची माणसं बाहेरच बसतात, बाई," मी म्हटलं. "पिढ्यानपिढ्या बसतात. ते आम्हाला शिकवायला तुमचा खेळ कशाला लागतो?"

हेडमास्तरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या जागी ठेवला. मागच्या एका बाईनं नाक ओढलं, ती रडायला लागली होती. आजही ते वाक्य वस्तीत सांगतात. लग्नात, बारशाला, कुणीतरी म्हणतंच, नरसाबाई शाळेत काय बोलली होती ठाऊक आहे का. वाक्य खरंच होतं. फक्त ते जिच्या तोंडावर मारलं ती बाई चुकीची होती.

बाईंनी मग वाद घातला नाही. त्यांच्याकडं कागदांची फाईल होती. त्यातून त्यांनी एक कागद काढला, सामन्यांना पाठवायची यादी, शिक्का मारलेली. तो त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवला, सरळ करून, अक्षरं माझ्याकडं येतील अशी.

"विटकरबाई, तुम्हाला वाचता येतं," त्या म्हणाल्या. "राखीवखालची तिन्ही नावं वाचा. बोर्डावर तुम्ही एकच वाचलेलं दिसतंय."

मी बोट लावलं. दहा वाचलं. अकरा, हसीना तांबोळी. मग बारा. मनातल्या मनात वाचलं, एकेक अक्षर. वेळ लागला. मग मी कागद परत बाईंकडं सरकवला.

"वाचलं," मी म्हटलं. "मला जे कळायचं ते कळलं. माझं म्हणणं आहे तेच आहे. या बाईनं सगळ्या शाळेसमोर माझ्या पोरीची माफी मागावी."

बाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ. त्या रागावल्या नव्हत्या. परीक्षेत मुलगी काय लिहिते ते बघत उभं राहावं तशा त्या बघत होत्या. मग त्यांनी मान खाली घातली.

गवाणकर हेडमास्तरांना काय, प्रकरण मिटायला हवं होतं. गेटवर वस्तीतली अजून वीस-पंचवीस माणसं जमल्याचं शिपायानं येऊन त्यांच्या कानात सांगितलं होतं. शिवाय बाईंशी त्यांचं जुनं वाकडं होतं. मैदान लग्नांना भाड्यानं द्यायचं की नाही यावरून. बाई नाही म्हणायच्या. आज त्यांना बाईंना खाली बघायला लावायची आयती संधी मिळाली होती, आणि ती मी त्यांच्या टेबलावर आणून ठेवली होती. ते म्हणाले, टिपणीस बाई, शब्द तुमच्या मनात काहीही असो, पालकांच्या भावना दुखावल्यात. उद्या प्रार्थनेच्या वेळी दोन वाक्यं बोलून टाका.

बाई म्हणाल्या, बोलते. एवढंच. इतक्या सहज की मला ते लागलं.

तिथं मी थांबायला हवं होतं. मला हवं ते मिळालं होतं. मसाबाईसमोर मान ताठ होती. पण यादीत नाव तसंच राहिलं तर लाल रेघही तशीच राहणार होती, आणि उद्या खाणीवर मसाबाई हातोडा मारता मारता म्हणणार होती की भांडण झालं खरं, पण पोर राखीवच गेली. ते मला दिसत होतं. मी म्हटलं, एक तर हिला नवात घ्या.

"त्या पायानं तिला पहिल्या दिवशी पळवलं तर ती पुन्हा कधी पळणार नाही," बाई म्हणाल्या. "ते मी करणार नाही."

"मग नाव काढा."

तेव्हा कुठं बाईंचा चेहरा उतरला. माफी माग म्हटल्यावर उतरला नव्हता. त्या टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या आणि फक्त मला ऐकू येईल अशा बोलल्या.

"मला हवं ते बोला. उद्या म्हणाल तर तुमच्या वस्तीत येऊन माफी मागते. पण नावाला हात लावू नका. हे वर्ष गेलं की तिचं वय बसत नाही. तुम्हाला कळलंय, विटकरबाई. मला दिसतंय तुम्हाला कळलंय."

दारातून वैजंता म्हणाली, "आये, असू दे ना."

मोठ्यानं नाही म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं. मी हेडमास्तरांना म्हटलं, माझ्या पोरीचं नाव काढा, ती कुणाच्या रेघेखाली बसणार नाही.

हेडमास्तरांनी खिशातून पेन काढलं. मग खण उघडून पट्टी शोधली. नाव खोडायला त्यांना पट्टी लागली, रेघ सरळ यावी म्हणून. पट्टी नावावर ठेवून त्यांनी रेघ ओढली, बाजूला सही केली आणि डबा पुन्हा जवळ घेतला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी प्रार्थनेला आम्ही अकरा बाया झेंड्याच्या खांबाशी उभ्या होतो. पाचवीपासून दहावीपर्यंत रांगा, प्रत्येक इयत्तेच्या सात-आठ तुकड्या, मुलींच्या लाल रिबिनी, मुलांच्या खाकी चड्ड्या, मैदान नुसतं भरलेलं. प्रतिज्ञा झाली. मग बाई माइकपाशी आल्या. आज गळ्यात शिट्टी नव्हती. त्या म्हणाल्या की माझ्याकडून एका विद्यार्थिनीचा आणि तिच्या समाजाचा अपमान झाला असं तिच्या पालकांना वाटलं, त्याबद्दल मी सर्वांसमोर क्षमा मागते. हात जोडले आणि मागं झाल्या.

नववी-दहावीच्या मुलींच्या रांगेतून खुसखुस ऐकू आली. एक हसली, मग तिच्या शेजारची, मग रांगच्या रांग तोंडावर हात धरून हलायला लागली. मसाबाईनं मला कोपरानं ढोसलं. बघ, म्हणाली, बाईला हसतायत. मला बरं वाटलं.

त्या बाईंना हसत नव्हत्या. त्या शाळेत पाचवीतल्या पोरालाही राखीव खेळाडू म्हणजे काय ते ठाऊक होतं. क्रिकेटच्या, कबड्डीच्या, लेझीमच्यासुद्धा यादीत खाली तो शब्द असायचाच. त्या हसत होत्या विटकरच्या अडाणी आईला, आणि माझी पोर त्याच रांगेत, मधोमध, सरळ पुढं बघत उभी होती. सोमवारपासून तिला नाव पडलं. राखीव. ए राखीव, जरा पाणी दे. राखीव आली बघ. दहावीची परीक्षा संपेपर्यंत तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. आधीचं "उभी राहा गं" मास्तरनं दिलं होतं. हे मी दिलं.

रविवारी सकाळी संघ निघाला. शाळेच्या फाटकाशी एसटी लागली होती. वैजंता न सांगता गेली. मला कळलं तेव्हा ती परत येत होती, वस्तीच्या चढावरून, सुजलेला पाय जपत. मी अंगणात भाकरी थापत होते. सुना पाण्याला गेल्या होत्या, पोरगे बाहेर. ती समोर उकिडवी बसली. तव्यावरच्या भाकरीकडं बघत म्हणाली की गाडी गेली. बाईंनी तिला जवळ घेतलं होतं. मृणाल रडत होती. हसीनाला उलटी होते म्हणून खिडकीपाशी जागा दिली.

मी भाकरी उलटली. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी वय बसत नाही. ऐकलंस ना तू." मग ती म्हणाली, "आये, तू बारावं नाव वाचलंस."

मी परातीतलं पीठ मळत राहिले.

"मी दारात होते. तुझं बोट दहावर होतं, मग अकरावर, मग बारावर आलं आणि थांबलं. तू दोनदा वाचलंस. मृणाल टिपणीस. बाईंची मृणाल. बाईंनी स्वतःच्या पोरीला माझ्याबरोबर बाहेर बसवलं होतं. तुला तिथंच कळलं."

कळलं होतं. टि, प, णी, स. चार अक्षरं. ती वाचली आणि त्या दोन वर्षांत बाईंनी सांगितलेलं, न सांगितलेलं सगळं एका झटक्यात लख्ख कळलं. राखीव म्हणजे काय, पाय सुजलेली पोर यादीत का, दोन पेले पाणी का. बाईंनी ते नाव तोंडानं उच्चारलं नव्हतं. उच्चारलं असतं तर मसाबाईनं ऐकलं असतं, खिडकीतल्या पोरांनी ऐकलं असतं आणि मी तिथल्या तिथं तोंडघशी पडले असते. म्हणून त्यांनी कागद माझ्यासमोर सरळ करून ठेवला होता. मी एकटीनं वाचावं, एकटीनं समजून घ्यावं, आणि बरं बाई, राहू दे, असं म्हणून आपल्या पायानं बाहेर पडावं. त्यांनी माझी अब्रू राखायची वाट करून दिली होती. त्या वाटेवर दारात मसाबाई उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, आणि वाचलं म्हटलं, आणि माफी माग म्हटलं, आणि नाव काढा म्हटलं. सगळं कळून म्हटलं.

वैजंता म्हणाली, "एकदा म्हण. वाचलं म्हण. मी कुणाला सांगणार नाही. मसामावशीला नाही, दादाला नाही. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

चुलीतलं लाकूड मी पुढं सारलं. मी आयुष्यात कधी माघार घेतली नव्हती. ठेकेदारापुढं नाही, फौजदारापुढं नाही, नवऱ्यापुढं नाही. पंधरा वर्षांची पोर समोर उकिडवी बसून माझ्याकडं एक शब्द मागत होती आणि तो द्यायचा कसा ते मला येत नव्हतं.

"मला मेलीला एवढं वाचता येतं कुठं," मी म्हटलं.

जन्मभर ज्या अक्षरांवर मिरवले, ती मी त्या दिवशी नाकारली.

भाकरीचा वास आला, करपत होती. तिनं हात घालून ती तव्यावरून काढली, टोपलीत ठेवली आणि उठली. पिठाचा डबा झाकला. मग म्हणाली, "आई, तुम्ही जेवून घ्या. मी नंतर जेवते."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. आमच्यात आईला कुणी तुम्ही म्हणत नाही. सासूला म्हणतात, ठेकेदाराला म्हणतात, पोस्टमनला म्हणतात. आईला आये, आणि तू. मी म्हटलं, हे काय नवीन. तर ती तांब्या भरून माझ्यापाशी ठेवत म्हणाली, पाणी ठेवलंय, घ्या.

संघ सांगलीहून दुसरा नंबर घेऊन आला. शेवटच्या सामन्यात एकीचा गुडघा फुटला आणि राखीवमधून हसीना तांबोळी आत गेली. पुण्याच्या माणसांनी तिला बघितलं आणि नेलं. सायकलच्या पंक्चरवाल्याची पोर, आज रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिचं भलं झालं, मला वाईट वाटायचं कारण नाही. टिपणीस बाईंनी पुढच्या जूनमध्ये बदली मागून घेतली. त्या कुठं गेल्या ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड लागतं. मैदानावर लग्नाचे मांडव पडायला लागले. माझ्या धाकट्याचं लग्नही तिथंच झालं.

वैजंता दहावी झाली, नर्सिंगचं शिकली, तिचं लग्न झालं, बदलापूरला असते. दर दिवाळीला येते. माझं औषध आणते, गोळ्यांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवते, माझ्या पायांना तेल लावते. तिच्यात कधी कमी काढता येणार नाही. आई, तुम्ही बसा. आई, तुम्ही थकलात. आई, तुमची साडी वाळत घातलीये. पंचवीस वर्षं झाली. एकदाही चुकून तिच्या तोंडून तू निघालं नाही. मी वाट बघितली. तिच्या पहिल्या बाळंतपणात कळा येताना सगळ्या बाया आये गं, आये गं म्हणून ओरडतात. ही दात आवळून पडून राहिली, आणि मी हात धरला तर म्हणाली, तुम्ही बाहेर थांबा.

परवा दिवाळीला मसाबाई आली होती. आता तिला दिसत नाही नीट. भिंतीला टेकून बसली आणि वैजंताचं बोलणं ऐकत राहिली. मग मला म्हणाली, आमच्या पोरी बघ, मला अजून ए म्हातारे म्हणतात. तुझी केवढी अदबीनं बोलते आईशी. अख्ख्या वस्तीत अशी पोर नाही. कुठं शिकली गं ही एवढी रीत?

वैजंता आत कपबश्या धूत होती. पाण्याचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "शाळेत."